मोटारखान्यातील सुतारशाळा

अमेरिकेतील मध्यमवर्गीय घराला लागून जो मोटारखाना असतो, त्याच्याविषयी एक गोष्ट आरंभीच सांगून ठेवली पाहिजे, ती ही की त्यात पुष्कळदा मोटार नसते. दोन मोटारींसाठी म्हणून बांधलेली ती वीस-चोवीस फूट लांबीरुंदीची जागा गवत कापण्याच्या यंत्राने, मुलांच्या वाढत्या वयाबरोबर निरुपयोगी होत गेलेल्या सायकलींनी, नाताळच्या शोभेच्या खोक्यांनी आणि टाकवत नाही म्हणून ठेवलेल्या नाना वस्तूंनी भरून जाते, मोटार बिचारी बाहेर पावसा-बर्फात उभी राहते, आणि घरधन्याला हातांनी काही घडविण्याची हौस असेल, तर त्या गर्दीतूनच एका भिंतीलगत आठ-दहा फुटांचा पट्टा मोकळा करून तो तेथे आपली सुतारशाळा थाटतो. या जागेची प्रतिष्ठा त्या देशात लहान नाही. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो गावी ॲडिसन ॲव्हेन्यूवरील ३६७ क्रमांकाच्या घरामागे बारा फूट रुंद आणि अठरा फूट लांब असा एक साधा मोटारखाना आहे. १९३८-३९ साली विल्यम ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड या दोन तरुण अभियंत्यांनी त्यात आपला विद्युत्-उपकरणांचा कारखाना सुरू केला, आणि आज ते खोपटे राज्यसरकारच्या दप्तरी ऐतिहासिक स्थळ म्हणून दाखल आहे. परंतु असा भाग्ययोग लाखांत एखाद्याचा. येथे विचार करावयाचा आहे तो शनिवार-रविवारी रंधा हाती धरणाऱ्या अनामिक गृहस्थाचा, ज्याला एखादी खुर्ची, एखादे फडताळ, नातवंडासाठी एखादा पाळणा बनवावयाचा आहे आणि त्यासाठी आधी बाक व कपाटे यांची तजवीज करावयाची आहे.

असा गृहस्थ बहुधा कपाटांपासून आरंभ करतो. हत्यारे विखुरलेली, खिळे आणि स्क्रू बरण्यांत, दोऱ्या-तारा जमिनीवर, तेव्हा प्रथम सारे जागच्या जागी लावून घ्यावे आणि मग कामाला हात घालावा, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. पण हा क्रम उलटा आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण कोणती हत्यारे हाताला वारंवार लागतात आणि कोणती केवळ दुकानात डोळ्यांत भरली म्हणून घरी आली, याची रुजुवात काम सुरू झाल्यावाचून होत नाही, आणि कामाला पहिली गरज लागते ती बाकाची. हे सुतारी बाक दिसते मेजासारखे, परंतु मेजावर वस्तू नुसती ठेवावयाची असते आणि बाकाने ती धरावयाची असते. रंधा पुढे ढकलला की फळीही त्याबरोबर पुढे सरकू पाहते, करवत चालू लागली की ती थरथरते, पटाशीवर मोगरी पडली की ती उसळते. आणि लाकूड जितके हलते तितकी कारागिराची शक्ती कापण्याऐवजी लाकूड आवरण्यात खर्ची पडते. फळीची अंगे तीन प्रकारची असतात, रुंद पृष्ठ, अरुंद कड आणि दोन्ही टोके. या तिन्ही अंगांवर काम करताना फळी अनुक्रमे आडवी, कडेवर आणि उभी अशी निश्चल धरता येते की नाही, एवढ्या एका कसोटीवर कोणत्याही बाकाची परीक्षा व्हावी. त्याचे लाकूड सुंदर आहे काय, त्याला किती खण आहेत, हे प्रश्न त्यानंतरचे.

आपल्याकडील सुताराने ही गोष्ट निराळ्या रीतीने साधली होती. बारा बलुतेदारांपैकी हा कारागीर पडवीत किंवा झाडाखाली जमिनीवर बसे, आणि नांगराचा हाळीस असो की दाराची चौकट असो, एका पायाचा तळवा तीवर रोवून, प्रसंगी दोन्ही पायांच्या बोटांत लाकूड पकडून, समोर भिंतीचा, उंबरठ्याचा किंवा जमिनीत ठोकलेल्या मेखेचा अटकाव देऊन काम करी. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत १८६५ ते १८७५ या काळात शिकविणाऱ्या जॉन लॉकवुड किपलिंग यांनी हिंदुस्थानी कारागिरांची जी रेखाचित्रे काढली, त्यांत असे बसून काम करणारे कारागीर भेटतात. या पद्धतीकडे साधनांच्या दारिद्र्याचा पुरावा म्हणून पाहण्याची खोड पाश्चात्त्यांना होती आणि त्यांच्यामागून आपल्या शिकलेल्या लोकांनाही लागली. वस्तुतः त्या सुताराने पृथ्वीच आपले बाक केली होती, आणि तिच्याइतके वजनदार, न डळमळणारे बाक कोणत्याही कारखान्याला आजवर करता आलेले नाही. जपानी सुतारही परंपरेने जमिनीजवळच काम करतो. त्याची करवत आणि त्याचा रंधा दोन्ही स्वतःकडे ओढून चालतात, सबब बसलेल्या देहाचा भार त्याला आपोआप कामी येतो. उभ्याने काम करण्याचा मार्ग ज्यांनी पत्करला त्यांना मात्र ही जमीन कमरेपर्यंत उचलून आणावी लागली, आणि युरोपी बाकाचा सारा इतिहास या एका खटाटोपाचा इतिहास आहे.

हे बाक प्रथमपासूनच कमरेपर्यंत आलेले नव्हते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम नगरात एक भित्तिचित्र सापडले, त्यात पंख असलेली दोन बालके एका ठेंगण्या बाकावर फळी कापीत आहेत आणि ती फळी एका वाकड्या लोखंडी दांड्याने बाकावर दाबून धरलेली आहे. जर्मनीतील झालबुर्ग येथील रोमन ठाण्याच्या विहिरीतून प्रत्यक्ष त्या काळचे बाकही निघाले. तेही गुडघ्याइतक्याच उंचीचे, म्हणजे त्यावर बसून किंवा गुडघा टेकून काम करावयाचे. पुढे युरोपात बाक उंच झाले, दणकट झाले, आणि सतराव्या शतकात जेव्हा जोसेफ मॉक्सन या लंडनच्या मुद्रकाने व नकाशे-गोल बनविणाऱ्याने १६७८ च्या सुमारास कारागिरांच्या धंद्यांची वर्णने हप्त्याहप्त्याने छापावयास आरंभ केला, तेव्हा सुताराच्या हत्यारांबरोबर बाकालाही त्यात स्थान मिळाले. तथापि बाकाविषयी सर्वांत अधिकारवाणीने जो बोलला तो आंद्रे-जाकोब रुबो. हा पॅरिसचा सुतार, सुताराचाच मुलगा, जन्म १७३९ चा. वास्तुशास्त्रज्ञ ब्लाँदेल यांच्या पाठांना बसून त्याने भूमिती आणि रेखाटन हस्तगत केले, आणि फ्रेंच विज्ञान-अकादमीने निरनिराळ्या कलाकौशल्यांची जी ग्रंथमाला काढली होती तीत १७६९ ते १७७५ या वर्षांत त्याचा सुतारकामावरचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखणी धरणाऱ्यांना रंधा ठाऊक नाही आणि रंधा धरणाऱ्यांना लेखणी, अशा त्या काळात ग्रंथातील मजकूर लिहिणारा आणि आकृत्या काढणारा हाच मनुष्य पुढे पॅरिसच्या धान्यबाजारावर लाकडी घुमटही उभारतो, ही गोष्ट मला त्याच्या बाकापेक्षाही अधिक विस्मयकारक वाटते.

रुबोच्या बाकाची फळी एकसंध, एल्म किंवा बीच या वृक्षांची, पाच-सहा इंच जाड, वीस ते चोवीस इंच रुंद आणि सहापासून बारा फुटांपर्यंत लांब. पाय ओकचे, आणि ते फळीच्या खाली लपलेले नसून त्यांचे पुढचे अंग फळीच्या पुढच्या कडेशी तंतोतंत एका पातळीत. प्रथमदर्शनी ही केवळ रुचीची बाब वाटेल, पण यातच त्या रचनेचे मर्म आहे: फळीची कड रंधावयाची असेल तर तिचा माथ्याजवळचा भाग बाकाच्या कडेला आणि खालचा भाग पायाला टेकतो, अशा रीतीने बाकाचे सारे पुढचे अंग एक मोठी पकड बनून जाते. पाय आणि वरची फळी यांचा सांधा प्रत्येक पायाला दोन कुसवांचा, ते दोन्ही फळीतून आरपार जाऊन वर दिसतात आणि पुढचे कुसू पारव्याच्या शेपटीसारखे पसरट कापलेले असते, सबब पायाला फळीच्या पुढच्या कडेतून बाहेर निसटण्याची मुभाच उरत नाही. डाव्या टोकाजवळ फळीतून वर-खाली होणारा एक चौकोनी ठोकळा असतो, त्याला लोखंडी दात बसविलेले. मोगरीच्या एका टोल्याने तो वर काढावा, त्याच्या दातांना फळीचे टोक भिडवावे आणि रंधा चालवावा. स्क्रू फिरवावयाचा नाही, दांडा आवळावयाचा नाही. रंध्याचा जोरच फळीला त्या दातांवर रोवून ठेवतो.

आणि मग तो वाकडा लोखंडी दांडा, जो हर्क्युलेनियमच्या चित्रात दिसतो तोच, सुमारे सतराशे वर्षांनी जवळजवळ जशाच्या तशा स्वरूपात रुबोच्या पानावर हजर आहे. बाकात पाडलेल्या किंचित सैल भोकात त्याचे उभे अंग सोडतात, आडवे टोक फळीवर टेकवितात आणि डोक्यावर एक टोला देतात. त्याबरोबर दांडा भोकात तिरपा होतो, वरच्या काठाला एका बाजूने आणि खालच्या काठाला दुसऱ्या बाजूने घट्ट रुतून बसतो, आणि त्याच्या अंगची लवचीकता फळीला खाली दाबून धरते. सोडवावयाचा असता मागून एक टपली पुरे. भोकाची खोली पुरेशी असल्याशिवाय ही रुतण्याची क्रिया नीट होत नाही, म्हणूनच पातळ फळीच्या बाकावर हा दांडा निसटतो आणि मालक दांड्याला दोष देत बसतो. इंग्लंडात पीटर निकल्सन याने १८१२ साली जे बाक वर्णिले त्यात लाकडाची काटकसर आहे: वरची फळी तुलनेने पातळ, पण पुढेमागे दोन रुंद फळ्या उभ्या जोडून ती ताठ केलेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून स्कॅन्डिनेव्हियाच्या शाळांतून हस्तव्यवसायाचे शिक्षण जगभर पसरले, तसे स्क्रूच्या दोन पकडी असलेले हलके बाक सर्वत्र रूढ झाले आणि रुबोचा हा अवजड ऐवज जवळजवळ विस्मृतीत गेला. त्याला पुन्हा उजेडात आणण्याचे श्रेय बहुतांशी ख्रिस्तोफर श्वार्ट्झ या अमेरिकन लेखकाला द्यावे लागते. २००७ साली बाकांवरचे त्याचे पुस्तक निघाले आणि तेव्हापासून अमेरिकेतील मोटारखान्यांत रुबोच्या बाकांचे जणू पीकच आले.

आता सहा इंच जाडीची एकसंध फळी आजच्या गृहस्थाने आणावी कोठून? त्याने ती घरबांधणीच्या वखारीत मिळणाऱ्या साध्या लाकडातून घडवावी. अमेरिकेत ज्याला दोन-बाय-चार म्हणतात तो वासा प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि साडेतीन इंच रुंद असतो. करवतकाम, वाळवण आणि रंधणी यांत उरलेला भाग गेलेला असतो, आणि नवख्या माणसाचा सारा हिशेब येथेच पहिल्यांदा चुकतो. असे सोळा वासे कडेवर उभे करून एकमेकांच्या रुंद अंगांना चिकटविले की चोवीस इंच रुंद आणि साडेतीन इंच जाड अशी फळी तयार होते, जी रुबोला फार आवडली नसती तरी त्याने नाकारलीही नसती. लाकूड डग्लस फर किंवा दक्षिणेकडील पिवळ्या पाइनचे निवडावे. वाळविलेले म्हणून विकल्या जाणाऱ्या या वाशांत शेकडा एकोणीसपर्यंत ओलावा प्रतवारीच्या नियमांत चालतो, आणि मोटारखान्याच्या हवेत तो हळूहळू पुष्कळ खाली येतो. तेव्हा वासे आणल्याबरोबर जोडण्याची घाई न करता, मध्ये काटक्या घालून, हवा खेळेल अशी चळत रचून काही आठवडे तसेच पडू द्यावेत. जे वाकडे व्हावयाचे असतील ते या मुदतीत वाकडे होतात आणि त्यांना वगळता येते.

लाकडाचे हे आकुंचन-प्रसरण हा सुतारकामाचा खरा व्याकरणनियम होय. ओले लाकूड पुरते वाळते तेव्हा लांबीच्या दिशेने ते नगण्य, हजारात एक-दोन भाग एवढेच आटते. पण रुंदीच्या दिशेने ते डोळ्यांना दिसेल इतके आटते, आणि तेही सर्व बाजूंनी सारखे नाही, कारण वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने होणारी घट ही त्रिज्येच्या दिशेने होणाऱ्या घटीच्या सुमारे दुप्पट असते. बीचचे लाकूड स्पर्शरेषेच्या दिशेने शेकडा अकरा-बारा भाग आटते, लाल ओक आठ-नऊ, आणि आपला सागवान पाच-सहा. सागवानाची जी थोरवी आपण वाडवडिलांपासून ऐकत आलो तिच्यापाठीमागे वाळवीला दाद न देणारे त्याचे तेल जितके आहे तितकाच हा आकडाही आहे. यातून बाकाच्या दृष्टीने निष्पन्न होते ते असे की, चोवीस इंच रुंदीची ती फळी ऋतुमानाप्रमाणे रुंद-अरुंद होणारच, आणि तिला खालून आडव्या लोखंडी पट्टीने किंवा दोन्ही कडांच्या स्क्रूंनी जखडून टाकणाऱ्याच्या पदरी एक दिवस चीर येणारच. तिला वजनाने आणि मोजक्या सांध्यांनी बसू द्यावे. पायांच्या चौकटीत मात्र पूर्ण कठोरपणा हवा, आणि त्यासाठी साल-कुसवाच्या सांध्यात आडवी खुंटी ठोकण्याची जुनी युक्ती आजही अजोड आहे: सालेच्या भिंतीतील भोक आणि कुसवातील भोक एका रेषेत न पाडता कुसवातील भोक दीडएक मिलिमीटर खांद्याकडे सरकवून पाडावे, म्हणजे खुंटी आत शिरताना कुसवाला ओढून घेते आणि सरस वाळो वा न वाळो, तो सांधा पुन्हा सैल होत नाही.

उंचीविषयी फार शास्त्रार्थ चालतो. सरळ उभे राहून हात मोकळे सोडावेत, मनगट वळवून तळहात जमिनीला समांतर करावा, तो जेथे येईल तेथे बाकाचा माथा, हा हातरंध्याने काम करणाराचा शिरस्ता. बहुतेकांच्या बाबतीत तो बत्तीस ते चौतीस इंचांच्या दरम्यान पडतो. बारीक सांधे कापणाऱ्याला याहून उंच बाक हवेसे वाटते, कारण त्याला डोळा कामाजवळ न्यावयाचा असतो. यंत्रकरवत ज्यांच्याकडे आहे ते तिच्या मेजाची उंची पाहून बाक तिच्यापेक्षा केसभर ठेंगणे करतात, म्हणजे आठ फुटांचा तक्ता कापताना त्याचा पलीकडचा भाग बाकावर अलगद उतरतो. अपुऱ्या जागेत ही दुहेरी सोय इतकी मोलाची आहे की तिच्यापुढे तळहाताच्या शिरस्त्याला थोडे नमते घ्यावयास हरकत नाही.

माथा सपाट करण्याचे काम शेवटी. फळीला पीळ आहे काय हे नुसत्या नजरेला कळत नाही. ते कळण्यासाठी दोन सारख्या रुंदीच्या, कडा अगदी सरळ असलेल्या पट्ट्या घेऊन एक बाकाच्या अलीकडच्या आणि एक पलीकडच्या टोकावर आडवी उभी करतात आणि डोळा खाली आणून एकीच्या कडेवरून दुसरीची कड पाहतात. दोन्ही रेषा समांतर दिसल्या तर पीळ नाही; एक टोक वर उचललेले दिसले तर फळीचा तो आणि त्याच्या कर्णावरचा कोपरा उंच आहे. पट्ट्या जितक्या लांब तितका दोष मोठा होऊन दिसतो. माथ्याला चकचकीत रोगण देऊ नये, त्यावर लाकूड घसरते. जवसाचे तेल पुरे. मात्र ते तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकण्याची चूक कधी करू नये, कारण जवसाचे तेल वाळते म्हणजे हवेतील प्राणवायूशी संयोग पावते, त्या संयोगात उष्णता निर्माण होते, आणि चोळामोळा झालेल्या चिंधीतून ती बाहेर पडू न शकल्यामुळे चिंधी काडी न लावता पेट घेते. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात.

बाकावर दोन-चार महिने काम झाले, कोणते हत्यार कोठे हवे याची हाताला सवय लागली, की मग कपाटांचा विषय काढावा. कपाट म्हणजे तत्त्वतः एक खोके, आणि ते प्लायवुडचे करावे. येथे भरीव लाकडाचा अभिमान बाळगण्यात अर्थ नाही. प्लायवुडात पातळ पापुद्रे एकाआड एक काटकोनात चिकटविलेले असल्यामुळे प्रत्येक थर शेजारच्या थराच्या आटण्याला अटकाव करतो आणि तक्ता दोन्ही दिशांनी जवळजवळ स्थिर राहतो. आपल्याकडे ओलाव्याच्या जागी आय. एस. ७१० ची मोहोर पाहून तक्ता घेतात. अमेरिकेतील हौशी सुतार पाच फूट चौरस येणाऱ्या बाल्टिक बर्चवर जीव टाकतात, कारण त्याच्या अठरा मिलिमीटर जाडीत तेरा थर असतात आणि आत पोकळी सहसा निघत नाही. नेहमीचा तक्ता आठ फूट बाय चार फूट. त्यावर पाऊण इंच असे लिहिलेले असले तरी तो बहुधा त्याहून एक-बत्तिसांश इंच कमी भरतो, आणि पाऊण इंचाच्या अवजाराने पाडलेल्या खोबणीत तो खुळखुळतो. तेव्हा खोबणी नेहमी हाताशी असलेल्या तुकड्यावरून मोजावी, छापील आकड्यावरून नव्हे.

खोके काटकोनात आहे की नाही हे गुण्या लावून पाहण्यापेक्षा दोन्ही कर्ण मोजून पाहणे अधिक खात्रीचे. ते सारखे भरले की चारही कोन आपोआप सरळ झाले. ते तसेच राहावेत याचा जामीन म्हणजे पाठीचा तक्ता. पाव इंचाची का होईना, पण पूर्ण पाठ चहूबाजूंनी बसविली की खोके कोणत्याही दिशेला कलंडावयाचे बंद होते. आडव्या फळ्यांच्या झोळाचे गणित निष्ठुर आहे: तेवढेच ओझे सर्व लांबीवर सारखे पसरून ठेवले असता लांबी दुप्पट केल्याबरोबर झोळ आठपट होतो, आणि जाडी दुप्पट केली तर तो आठव्या हिश्शावर येतो. म्हणून चार फूट रुंदीचे कपाट करून त्यात खिळ्यांचे डबे ठेवणाऱ्याने मध्ये उभा पडदा घालावा, किंवा निदान फळीच्या पुढच्या कडेला दीड-दोन इंच रुंदीची लाकडी पट्टी उभी चिकटवावी. त्या एका पट्टीने फळीचा ताठपणा आश्चर्य वाटावे इतका वाढतो.

दारे आणि बिजागऱ्या यांच्या बाबतीत दोन घराणी आहेत. अमेरिकन घराण्यात खोक्याच्या तोंडावर भरीव लाकडाची चौकट जडवून तिला दारे लावतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत जे घराणे उदयास आले त्याने ही चौकट गाळून टाकली, खोक्याच्या बाजूंना पाच मिलिमीटर व्यासाची भोके बत्तीस मिलिमीटर अंतराने, पुढच्या कडेपासून सदतीस मिलिमीटर आत, अशी एका रांगेत पाडण्याचा दंडक घालून दिला, आणि बिजागऱ्या, खणांच्या सरकपट्ट्या, फळ्यांच्या खुंट्या हे सारे त्याच भोकांत बसेल अशी व्यवस्था केली. दारात पस्तीस मिलिमीटरचा वाटोळा खड्डा घेऊन आत लपणारी जी बिजागरी आज पुण्या-मुंबईच्या प्रत्येक स्वयंपाकघरात दिसते ती याच घराण्यातली. सुतारशाळेसाठी मला हे दुसरे घराणे पसंत आहे, तथापि तेथे दारेच मुळी थोडी असावीत. दारामागच्या खोल कप्प्यात मागची वस्तू काढण्यासाठी पुढच्या चार बाहेर काढाव्या लागतात. उलट उथळ खण ओढला की त्यातील प्रत्येक पटाशी वरून एकाच दृष्टिक्षेपात दिसते. खणाच्या दोन्ही बाजूंना सरकपट्टीसाठी अर्धा-अर्धा इंच जागा सोडावयाची असते, आणि पूर्ण बाहेर येणाऱ्या, छऱ्यांवर चालणाऱ्या साधारण पट्ट्यांची जोडी शंभर पौंडांपर्यंत भार पेलते. एवढे सांभाळले की खण करणे हे दार करण्याहून कठीण नाही, लोक उगाच भितात.

हत्यारे ठेवण्याची कला किती टोकाला जाऊ शकते हे पाहावयाचे असेल तर हेन्री स्टडली याच्या पेटीची छायाचित्रे पाहावीत. १८३८ ते १९२५ हा त्याचा काळ. मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सी येथे पियानोच्या कारखान्यात तो कामाला होता. भिंतीला टांगावयाची त्याची महोगनीची पेटी मिटलेली असता सुमारे चाळीस इंच उंच, वीस इंच रुंद आणि नऊ इंच खोल, आणि तीत तीनशेच्या आसपास हत्यारे. ती एकमेकांवर थरांनी बसविलेली आहेत. एक पट बिजागरीवर उघडावा तो त्यामागे दुसरा, आणि प्रत्येक हत्यारासाठी त्याच्या नेमक्या आकाराची बैठक, कोठे आबनुसाची, कोठे हस्तिदंताची, कोठे शिंपल्याच्या तुकड्याने मढविलेली. व्यवहारात या पेटीचे अनुकरण करू नये, कारण तीनशेएकावे हत्यार विकत घेण्याचा हक्क मनुष्याने असा गमावून बसू नये. परंतु कपाटाने हत्याराला नुसते आत घेणे आणि हत्याराला धरणे यांतील अंतर तिच्यात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र दिसत नाही. पटाशीची धार दुसऱ्या पोलादाला लागता कामा नये, करवतीचे दात कशावरही टेकता कामा नयेत, रंधा ठेवल्या जागेवरून घरंगळता कामा नये; साध्या पाइनच्या खाचा आणि खुंट्या यांनीही हे सर्व साधते.

कपाटे तयार झाल्यावर ती बसविताना घराशी गाठ पडते. मोटारखान्याची फरशी समतल नसते आणि ती तशी नसावी असाच बांधकामाचा नियम आहे: सांडलेले पेट्रोल व पाणी बाहेर वाहून जावे म्हणून ती दाराकडे उतरती केलेली असते. म्हणून पहिले काम पाणसळीने फरशीचा सर्वांत उंच बिंदू शोधून काढण्याचे, त्यावरून भिंतीवर समतल रेघ मारण्याचे, आणि मग प्रत्येक खोके त्या रेघेशी मिळेपर्यंत खाली पाचरी घालण्याचे किंवा फिरवून उंची बदलता येणारे पाय लावण्याचे. त्या पायांचा दुसरा लाभ हा की काँक्रिटमधून वर येणारी ओल प्लायवुडच्या उघड्या कडेला भिडत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने फरशीलगत साठते, यास्तव ज्योत किंवा ठिणगी उत्पन्न करणारी उपकरणे फरशीपासून अठरा इंच वर ठेवावीत असेही बांधकामाच्या त्याच नियमांत आहे. पाणी तापविण्याचा बंब कपाटांच्या रांगेत बेमालूम बसविण्याच्या नादात हे विसरणारे लोक आहेत. लाकडाचा बारीक धुरळा हा १९९५ पासून कर्करोगकारक द्रव्यांच्या यादीत पहिल्या वर्गात गणला जातो, तेव्हा धूळ शोषणारे यंत्र आणि तोंडावरचा मुखवटा यांचा खर्च कपाटाच्या मुठींवरील खर्चाच्या आधी करावा.

भिंतीवर टांगावयाच्या कपाटांसाठी सर्वांत सोपी तोड अशी: एक फळी लांबीच्या दिशेने पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या कापाने दोन भागांत करावी, एक भाग, उतार भिंतीकडे आणि धार वर ठेवून, भिंतीतील खांबांना स्क्रूंनी पक्का करावा, दुसरा भाग उलट्या दिशेने कपाटाच्या पाठीला लावावा, आणि कपाट उचलून त्या धारेवर सोडून द्यावे. ओझे जितके वाढते तितके ते तिरक्या पृष्ठावरून भिंतीकडे ओढले जाते. अमेरिकन घरांच्या भिंतींत हे खांब बहुधा सोळा इंचांच्या अंतराने असतात आणि वरचा पातळ पापुद्रा काहीच भार पेलीत नाही, म्हणून स्क्रू खांबातच गेला आहे याची खातरजमा करणे अत्यावश्यक. अशा पट्ट्या साऱ्या भिंतीवर एकाखाली एक लावल्या की कपाट, फळी, हत्यारांची चौकट यांची जागा पाहिजे तेव्हा बदलता येते; न्यू जर्सीच्या किंवा टेक्सासच्या एखाद्या मराठी गृहस्थाला श्रावणाच्या अखेरीस मखराच्या तयारीसाठी एक आख्खी भिंत मोकळी करावयाची असेल, तर तासाभराचे ते काम.

या टांगणीच्या पद्धतीत एक कायद्याचाही मुद्दा आहे, आणि अमेरिकेसारख्या वारंवार घरे बदलणाऱ्या देशात तो गौण नाही. भिंतीला किंवा फरशीला कायमची जखडलेली वस्तू तेथे सामान्यतः स्थावर मिळकतीचा भाग धरली जाते आणि घराच्या खरेदीखताबरोबर नव्या मालकाकडे जाते. मोकळे उभे असलेले बाक मात्र जंगम, ते निःशंक बरोबर न्यावे. तिरक्या पट्टीवर टांगलेले कपाट या दोहोंच्या सीमेवर येते, कारण पट्टी भिंतीची आणि कपाट नुसते तिच्यावर टेकलेले, आणि अशा बाबतीत घर विकताना तक्रारी उत्पन्न होतात. म्हणून करारनाम्यात कपाटांचा तपशील, आणि भिंतीवरच्या पट्ट्या जागेवर राहणार की काढून नेल्या जाणार हेही, सही करण्यापूर्वीच लिहून घ्यावे.